गरम इंजिनाचं माप

नाना, तुमच्या गंधमुक्तीला, भर दिवसकार्याच्या मांडवात, मी भांडले. आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर "मास्तरीण, तुन्ही जीभ कधी थंडी व्हई?" असं विचारून वर तुम्हीच हसला असता. आता विचारायला तुम्ही नाही, म्हणजे मला अडवायलाही कुणी नाही. तेव्हा भांडले ते भांडले.

काय झालं ते ऐका. वर्कशॉपसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. अक्का, तुमच्या कारभारीण, आत बायकांमध्ये बसलेल्या, मी बाहेर दाराशी, माझ्या नेहमीच्या स्टुलावर. एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलत होता. नाना म्हणजे देवमाणूस. नानांनी हात लावला की बंद पडलेला पंप पाणी फेकायला लागायचा. सगळं खरं. पण प्रत्येकाच्या बोलण्यात शेवटी एक "पण" यायचा. पण त्या शर्यतीच्या नादापायी शरीराकडे पाहिलं नाही. पण वय झाल्यावर असले पोरखेळ शोभतात का. मी पदराशी चाळा करत, मूग गिळून ऐकत होते. तेवढ्यात तुमच्याच भाऊबंदांपैकी एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "ते धुळ्याले कॅमम्हा पकडायना व्हतात, तेच ना?" आणि पुढच्या खुर्चीवर बसलेले कांतीशेठ, धुळ्याचे, स्पेअर पार्टच्या दुकानाचे, हळूच म्हणाले, "जाऊ द्या. गेलेल्या माणसाचं काय काढायचं."

त्या म्हाताऱ्याचा मला राग आला नाही. शेठच्या त्या "जाऊ द्या"चा आला. तुम्ही काहीतरी पाप केलं होतं आणि ते मोठ्या मनानं पोटात घालताहेत, असा तो सूर. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. उठले आणि म्हटलं, "काय काढायचं म्हणजे? काढा की! सगळं काढा! कॅम कंपनीचा होता, शर्यतीच्या समितीनं मान्य केला होता, मंजुरीचा कागद माझ्या कपाटात आहे!" वाढणारी पोरं हातात पातेली धरून थांबली.

शेठ उठले नाहीत. बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, "बाई, कागद आहे, कोण नाही म्हणतं? पण त्या कागदावरची मापं कुणी घेतली होती, तेही सांगा लोकांना."

आणि नाना, मी खाली बसले. तुमची मास्तरीण, जिच्या तोंडाचा पट्टा म्हणून तुम्ही गावभर सांगत फिरायचा, ती गप्प झाली. कारण मापं मी घेतली होती. तुम्हाला न विचारता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतेय, आणि त्यापुढेही बरंच सांगायचं आहे, तेव्हा नीट बसून ऐका.

आपली जोडी जमली ती जिन्यामुळे. खाली तुमची इंजिनं, वर माझा टायपिंगचा क्लास. तुम्ही खाली पंपाचं इंजिन सुरू केलंत की वर माझ्या बारा मशीन थरथरायच्या आणि पोरींच्या ओळी वाकड्या यायच्या. पहिल्या वर्षी मी रोज जिना उतरून भांडायला यायचे. एकदा भांडायला आले आणि तुम्ही काही न बोलता वर आलात. माझ्या सगळ्यात जुन्या मशीनचा अडकणारा रोलर खोललात, स्प्रिंग बदललीत आणि परत खाली गेलात. त्या दिवसानंतर मी भांडायला येणं थांबवलं आणि बसायला येऊ लागले. बाईमाणूस वर्कशॉपात काय करते, म्हणून गल्लीत कुजबुज सुरू झाली तेव्हा मी येणं बंद करणार होते. तुम्ही स्टूल उचललंत आणि सरळ रस्त्यासमोरच्या दारात ठेवलंत. "लपीसन काय बसानं? आठे दरवाजाम्हा बठ. पाहू दे गावले." दहा-बारा वर्षं त्या दारात बसले मी. गाव बघून बघून कंटाळलं.

तिथंच तुम्ही मला कॅम म्हणजे काय ते दाखवलंत. कॅमशाफ्ट, म्हणजे एक लोखंडी दांडा, त्यावर पोट आलेल्या चकत्या. चकती फिरली की तिचं पोट वॉल्वला उचलतं, वॉल्व उघडतो, इंजिन श्वास घेतं. पोट जेवढं मोठं तेवढा श्वास मोठा, आणि तेवढी गाडी जोरात. शर्यतवाले लबाड लोक हेच पोट घासून वाढवतात आणि वर कंपनीचा माल म्हणून सांगतात. ते पकडायला समितीकडे एक तक्ता असतो. कोणत्या गाडीचा वॉल्व किती मिलिमीटर उचलला जायला हवा, कुठल्या अंशाला उघडायला हवा, कुठल्या अंशाला बंद व्हायला हवा. कंपनीची गाडी जशीच्या तशी पळवायच्या वर्गात त्या तक्त्याबाहेर गेलं की गाडी बाद. माप घ्यायला तुम्ही वॉल्ववर डायल लावायचात. मोठा काटा एक मिलिमीटरला एक पूर्ण फेरी मारतो आणि अशा किती फेऱ्या झाल्या ते आतला छोटा काटा दाखवतो. मी मोठ्या काट्याकडे बघून पटकन आकडा सांगायचे आणि तुम्ही कपाळावर हात मारून घ्यायचात. "मोठा काटा नुसता बडबड करस. धाकला काटा खरं सांगस. पह्यले त्याले इचार!"

धुळ्याच्या त्या पहिल्या शर्यतीचं मी कितीदा तुमच्यासमोर बोलायला गेले आणि तुम्ही विषय बदललात. आज बदलता येणार नाही.

हवाईपट्टी. वर्षाकाठी चार विमानं उतरत असतील नसतील. पुण्याकडच्या क्लबनं तिथे मोटारसायकलींच्या पाव मैलाच्या सरळ शर्यती लावल्या. दोन गाड्या शेजारी उभ्या, निशाण पडलं की सुटायचं, वळायचं कुठेच नाही. तुमचं वय पंचेचाळीसच्या पुढे, वजन पन्नास किलो, पायात कुणाचे तरी मागून आणलेले कॅनव्हासचे बूट. चप्पल चालणार नाही म्हणाले म्हणून. तुमचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे अख्खी भाऊबंदकी ट्रॅक्टरवर बसून बघायला आलेली. अक्कांनी दशम्या बांधून आणल्या होत्या. आणि तुम्ही जिंकलात, नाना! साडेतीनशे सीसीच्या वर्गात धुळ्याच्या, मालेगावच्या पोरसवदा गड्यांना मागे टाकून जिंकलात. मी इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी क्लासात मला खाणाखुणांनी शिकवावं लागलं.

मग शेठनी हरकत घेतली. त्यांच्या दुकानाची गाडी दुसरी आली होती. नियमानं त्यांचा हक्कच होता तो, मी नाही म्हणत नाही. तिथल्या तिथे तुमचं इंजिन उघडलं, डायल लावला, आणि माप तक्त्यापेक्षा जास्त निघालं. तुम्ही सांगत होता, कंपनीनं नव्या मॉडेलला कॅम बदललाय, तुमच्या तक्त्यात जुन्या मॉडेलचं माप आहे, मना कॅम कंपनीना शे. कोण ऐकतंय? लाउडस्पीकरवरून सांगितलं, "जळगावच्या गाडीत कॅम बदललेला आढळला, गाडी बाद." दोनदा सांगितलं. पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा. ट्रॅक्टरवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. तुमचा चुलतभाऊ खाली मान घालून दशमी खात होता.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात. कॅम हातरुमालात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवलेला. एरंडोलला म्हणालात, "चोर बठ्ठा मोकया फिरी ऱ्हायनात, आनि मी चोर?" मी म्हटलं, नाना, रडू नका, लिहू. तक्ता चुकलाय तर तक्ता बदलून घेऊ. अर्ज करायचा असतो, मी करते. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही मी हायकोर्टातला वकील आहे. अहो, मी तलाठ्याच्या उताऱ्यांपासून लग्नाच्या यादीपर्यंत गावाचं सगळं टाइप करणारी बाई. अर्जाला घाबरते होय?

अर्जाचा नमुना मागवला. आठ पानी. कंपनीचं पत्र जोडा, न वापरलेला सीलबंद कॅम पार्सलानं पाठवा, आणि अर्जदारानं स्वतः घेतलेली मापं भरा. तुम्ही मापं सांगितलीत, मी टाइप केली. "मी सांगस ते लिख." मी लिहिलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, चार ओळींचं. आपण दिलेली मापे व आमच्या तपासनिसाने घेतलेली मापे जुळत नाहीत, आपली मापे फुगवलेली दिसतात, अर्ज अमान्य.

फुगवलेली! आधी चोर, आता लबाड.

चूक कुठे झाली ते मला आठ दिवसांनी कळलं, आणि कळलं तेव्हा मी स्वतःच्या तोंडात मारून घेणार होते. अर्जाच्या तिसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की सर्व मापे इंजिन पूर्ण थंड असताना घ्यावीत. आणि तुम्ही घेतली होती गरम इंजिनावर! तुम्ही जन्मभर शेतातल्या पंपाची इंजिनं केलीत. ते इंजिन सकाळी लागलं की संध्याकाळपर्यंत बंद होत नाही, म्हणून आपल्याकडचा प्रत्येक मिस्त्री ते आधी तासभर चालवतो, चांगलं तापवतो आणि मग टॅपेटची, म्हणजे कॅम आणि वॉल्वमधली, फट लावतो. तापलं की वॉल्वची दांडी वाढते, फट कमी होते, वॉल्व जरासा जास्त उचलला जातो. खानदेशातल्या कुठल्याही मिस्त्रीनं हेच केलं असतं. पुण्याच्या तपासनिसाला कुठून कळणार की इथे थंड इंजिनाचं माप म्हणजे माप नव्हेच.

मी तुम्हाला म्हटलं, नाना, सोपं आहे, पुन्हा थंड मोजू. आणि तुमचं डोकं फिरलं. "गाडी थंडी पयस का? सांग माले! थंडी पयस का?" मी म्हटलं, गाडी नाही पळत, पण अर्ज पळतो. तुम्ही म्हणालात की थंड माप हे मेलेल्या माणसाची नाडी बघण्यासारखं आहे, त्याच्यावर मी माझं नाव घालणार नाही. मी म्हटलं, मग बसा चोर म्हणवून घेत! हे मी म्हणायला नको होतं. तुम्ही पाना खाली ठेवलात आणि मागच्या खोलीत निघून गेलात. पंधरा दिवस आपण बोललो नाही. खालून इंजिनांचा आवाज यायचा, वरून मशीनचा. गल्लीतल्या लोकांनी अक्कांना विचारलं म्हणे, या दोघांचं काय बिनसलं.

पण तुमची एक सवय मला माहीत होती. कोऱ्या कागदांवर सह्या करून माझ्याकडे ठेवायची. बँकेचं, वीजमंडळाचं, कशाचंही काम निघालं की मी त्यावर टाइप करायचे. एवढा विश्वास. त्या गठ्ठ्यातला एक अर्जाचा नमुना होता, शेवटच्या पानावर तुमची सही असलेला. पुढच्या हंगामासाठी अर्ज पोचायची मुदत जवळ आली होती. जानेवारीतली एक पहाट, थंडी मरणाची, वर्कशॉपची दुसरी किल्ली माझ्याकडे असायचीच. मी खाली उतरले. बाकावर ठेवलेल्या त्या शर्यतीच्या इंजिनावर डायल लावला, तुम्ही शिकवलंत तसा. हाताने फिरवून एकेक माप घेतलं. बोटं इतकी बधिर झाली की पेन्सिल धरता येईना. तुम्ही यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवलं, वर जाऊन टाइप केलं, पाकीट चिकटवलं. दुपारी तुमच्यापुढे ठेवून म्हटलं, जुनाच अर्ज पुन्हा पाठवतेय, तुमच्याच गरम मापांचा, नशीब आजमावू. धडधडीत खोटं. तुम्ही पाकीट हातात घेतलंत, उलटंपालटं करून पाहिलंत, म्हणालात, "टपाल मी टाकसू." आणि सायकलवर स्टेशनकडे गेलात.

मंजुरी आली. नाना, तो दिवस आठवतो ना? मी जिन्याच्या चार पायऱ्या एकदम उतरले आणि पाय मुरगाळला. सोबत छापील तक्ता होता, त्यात आपल्या गाडीची नवी ओळ. मी वर जाऊन माझ्या कार्बन कॉपीशी एकेक आकडा ताडून पाहिला. सगळे जुळले, एक सोडून. एक्झॉस्ट, म्हणजे धूर सोडणाऱ्या, वॉल्वची उचल मी लिहिली होती सहा पॉइंट नऊ, तक्त्यात छापली होती सात पॉइंट नऊ. धाकल्या काट्यावरची एक फेरी मी मोजायची विसरले होते! ते तसंच गेलं असतं तर पुन्हा "मापे जुळत नाहीत" म्हणून सगळं मुसळ केरात. मी ठरवून टाकलं की त्या तपासनिसानं आपला कॅम मोजून दुरुस्त केलं असणार. त्या न पाहिलेल्या माणसाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात दुवा देत आले.

पुढच्या हंगामात त्याच पट्टीवर तुम्ही पुन्हा जिंकलात. पुन्हा हरकत, इंजिन थंड होईपर्यंत थांबले, पुन्हा उघडलं, पुन्हा डायल. माप तक्त्याला तंतोतंत. तपासणाऱ्यानं अर्ध्या कागदावर "योग्य" लिहून दिलं. तुम्ही तो अर्धा कागद घेऊन लाउडस्पीकरवाल्याकडे गेलात, म्हणालात, सांग. तो म्हणाला, "काका, पुढची शर्यत लागलीय, सरका." तुम्ही सरकलात. मला आजही त्याचाच राग येतो, नाना. चोर म्हणताना भोंगा होता, दोनदा होता, आणि सुटका आली ती अर्ध्या कागदावर. मग गावाच्या कानात काय राहणार? वीस माणसांना विचारा, वीसही जणांना भोंगाच आठवतो.

मंजुरीचा तक्ता मी फ्रेम करून आणला होता. तुम्ही वर्कशॉपात लावू दिला नाही. "जे माप मी मानस नही ते मन्ह्या भितडावर नही." मला वाटलं, गेलं वाटतं कळून. पण तुम्ही पुढे काही बोलला नाहीत आणि मीही बोलले नाही. त्यानंतर इतकी वर्षं, दर हिवाळ्यात, बाहेर शेकोटीवर वांगी भाजताना तो वाद ठरलेला. तुम्ही म्हणायचात गरम, मी म्हणायचे थंड. अक्का म्हणायच्या, भरीत थंडं व्हई ऱ्हायनं, खाई ल्या आते. तो वाद मिटलाच नाही. तुमच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी म्हणणार होते, की नाना, ती मापं थंड होती, मी चोरून घेतली होती, तुमच्या सहीखाली घातली होती, मला माफ करा. पण तुम्ही म्हणालात, मास्तरीण, वरच्या मशीनला तेल देतेस ना? आणि माझी हिंमत झाली नाही.

म्हणून गंधमुक्तीला मी खाली बसले. शेठना कुठून कळलं म्हणाल तर माझ्याच तोंडातून. त्यांची धाकटी लेक जळगावला मावशीकडे राहून माझ्या क्लासात यायची. एकदा कशावरून तरी बढाई मारली मी तिच्यासमोर, की बायकांना काय येत नाही, अख्खा कॅम मोजलाय मी. बढाई फिरून तुमच्यावर येईल हे सुचलंच नाही. शेठच्या म्हणण्याचा अर्थ सरळ होता. माणसानं स्वतः खरं माप कधी दिलंच नाही, बाईनं कागद जुळवला आणि चोर सुटला.

दोन दिवस मी क्लास उघडला नाही. तिसऱ्या दिवशी अक्कांनी बोलावलं. तुमची ती निळी पत्र्याची पेटी पुढे ठेवली, म्हणाल्या, कागद शेतस, तूच पहाय. वरती पावत्या, पंपांचे नकाशे, नातीचा फोटो. सगळ्यात खाली घडी घातलेला एक कागद. मी उलगडला आणि माझंच टायपिंग. माझ्याच मशीनचं, ज्याचा "र" थोडा वर उठतो. मापांचं पान. कार्बन कॉपी नव्हे, नाना. मूळ पान. जे मी पाकिटात घालून चिकटवलं होतं.

त्यावर पेन्सिलीनं एकच गोल. सहा पॉइंट नऊभोवती. आणि बाजूला तुमच्या त्या वाकड्या अक्षरात दोन शब्द. धाकला काटा.

अक्कांना विचारलं, नाना एखाद्या जानेवारीत पहाटे वर्कशॉपात गेले होते का? त्यांना लगेच आठवलं. "हा ना. एक पाकीट लई आणेल व्हतं, रातभर उशीखाले ठेवं. पहाटले उठीसन गयात. च्या बी नही लिन्हा."

म्हणजे तुम्ही टपाल टाकलंच नव्हतंत त्या दिवशी. पाकीट उघडलंत. पाहिलंत की मी थंड मापं घातलीत. रागावून फाडू शकला असता. त्याऐवजी पहाटेच्या थंडीत, जे माप तुम्ही जन्मात मानलं नाही ते तुम्ही स्वतःच्या हातानं घेतलंत, माझं एकेक माप तपासलंत, माझी चूक काढलीत, आणि दुरुस्त पान घालून पाठवलंत. आणि मला कळू दिलं नाहीत! वर दर हिवाळ्यात माझ्याशी भांडलात! हरलेला माणूस असा भांडतो होय?

आणि ते दुसरं पान टाइप कुठे केलंत, सांगा. माझ्याकडे तर नाही केलं. म्हणजे टॉवरजवळच्या त्या दुसऱ्या टायपिंग क्लासात. मी जिवंत असताना तुम्ही दुसऱ्याच्या दारात टायपिंगला गेलात, तेही त्याच्याकडे, जो समासही सोडत नाही. याचं मी काय करू?

काल सकाळची पहिली एसटी पकडून धुळ्याला गेले. शेठच्या दुकानात गिऱ्हाईक होतं पाच-सहा. मी कागद काउंटरवर ठेवला. म्हटलं, "शेठ, चष्मा लावा." त्यांनी लावला. मी सांगितलं, मापं मी घेतली होती, खरं आहे. आणि ती कुणी तपासली, कुणी सुधारली, ते इथे लिहिलंय. शेठनी कागद उजेडात धरला. माणूस वाईट नाही हो तो. कॅम त्यांनाही कळतो. म्हणाले, "अक्षर त्याचंच आहे." मग म्हणाले, "बसा बाई, चहा सांगतो." मी म्हटलं, चहा नको. ते मोठ्यानं वाचा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी म्हटलं, भोंगा नाही आणलेला मी, तुमच्या तोंडानंच वाचा. आणि त्यांनी वाचलं, नाना. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, दोन शब्द. वाचून झाल्यावर म्हणाले, "जळगावच्या मिस्त्रीचा कॅम कंपनीचा होता. चूक आमच्या समजण्यात झाली." एक शेतकरी पंपाचं वॉशर घ्यायला आला होता, त्याला काही कळलं नाही, पण त्यानं मान हलवली. मी म्हटलं, पुन्हा एकदा. कारण तेव्हाही दोनदा सांगितलं होतं. ते पुन्हा म्हणाले.

ते पान आता वर्कशॉपच्या दारात लावलंय, स्टुलाच्या वर, रस्त्यावरून दिसेल असं. मंजुरीचा तक्ता नाही लावला. तुमच्या भिंतीवर तुमचा नियम.

एवढ्यानं माझं भागलं असं वाटलं होतं. नाही भागलं. कारण ते चार ओळींचं पत्र अजून कपाटात होतं. आपली मापे फुगवलेली दिसतात. तुमची मापं मी टाइप केली, तुमच्या बाजूनं भांडले, पण खरं सांगू? मनात कुठेतरी मलाही वाटत आलं होतं, की नानांनी थोडं वाढवून सांगितलं असेल. इतकी वर्षं. हे मी कुणालाच बोलले नाही.

म्हणून आज सकाळी क्लास सुरू व्हायच्या आधी मी खाली आले. ते इंजिन शर्यती संपल्यापासून बाकावरच आहे, त्याच कॅमसकट. सुरू करायला तीन किक लागल्या, तासभर चालवलं. वर माझ्या मशीन थरथरत होत्या, ऐकू येत होतं. मग बंद केलं, झाकण काढलं आणि गरमगरम असतानाच डायल लावला. दोन बोटं भाजली. टाइप करताना झोंबताहेत. पहिल्या अर्जाची कार्बन कॉपी शेजारी ठेवली आणि एकेक माप ताडलं. सगळी जुळली, नाना. एकही पॉइंट इकडेतिकडे नाही. तुम्ही काहीच फुगवलं नव्हतं.

धाकला काटा आधी पाहिला मी.